पिवळी पडलेली तीज

कॉलेजात नाव लागायच्या आधीच कॉलेजात शिकायला जायचं, ही गोष्ट पुसदजवळच्या त्या बंजारा तांड्यात कुणाच्या पचनी पडेना. राखी अकरावीत, नाव गावच्या शाळेत. मग दर रविवारी एसटीनं पुसदला जाऊन ही पोरगी करते काय? करायची ती वनस्पतिशास्त्राचा कोर्स. कॉलेजातल्या विमलताईंनी तो शाळेच्या मुलांसाठी काढला होता. पास होणाऱ्या मुलीला बारावीनंतर तिथंच प्रवेश आणि होस्टेलात जागा पक्की होती. तांड्यातल्या मुली बारावी झाली की सरळ मांडवात उभ्या राहत. राखीला त्यातून सुटायला ही एकच फट दिसत होती, आणि तिनं जीव तोडून अभ्यास केला होता.

बाप भावसिंग भिडस्त माणूस, बायको म्हणेल तिकडे मान हलवणारा. आणि बायको, म्हणजे राखीची याडी धनीबाई, लेकीच्या पाठीशी ठाम उभी होती. तेव्हा घरातून अडकाठी नव्हती. अडकाठी आली ती तिजेची.

श्रावणात तांड्यातल्या बिनलग्नाच्या मुली दुरड्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, गाणी म्हणतात आणि मग विसर्जन करतात. एरवी ही हसण्याखिदळण्याची गोष्ट. पण लागोपाठ दोन हंगाम बोंडअळीनं कापूस फस्त केला होता, आणि घाबरलेली माणसं कशातही शकुन शोधतात. त्या साली अख्ख्या तांड्याचा जीव दुरड्यांत अडकला होता. आणि कोर्सची परीक्षाही त्याच दिवसांत यायची होती, तेवढे दिवस पुसदलाच राहावं लागणार होतं, दुसरा मुहूर्त कुठला मिळायला!

राखी नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे गेली. उत्तमसिंग नायक माणूस वाईट नव्हता. जा म्हणाला, फक्त तुझ्या दुरडीला तांड्यातल्याच कुण्या मुलीनं पाणी घालावं. लग्न झालेल्या बाईचा हात तिजेला लागायचा नाही, हा त्या तांड्याचा नेम होता. चुलत बहीण नलूनं हौसेनं पत्कर घेतला.

पेपर झकास गेले. विसर्जनाच्या सकाळी राखी दुरडीपाशी आली. बाकी सगळ्यांचा गहू वीतभर हिरवागार, तिचा तेवढा पिवळा पडून आडवा झालेला. तिनं मातीत बोट घातलं. नुसता चिखल होता आणि आंबूस वास येत होता. मुळं कुजली होती. दुरडीला आतून पळसाची पानं लावलेली, पाणी जाणार कुठं? नलूनं गळ्याची शपथ घेतली, मापानं दिवसातून दोनच वेळा घातलं म्हणाली. ती खोटं बोलणारी नव्हती.

बाया कुजबुजू लागल्या. पोरगी तीज टाकून भटकली, देवी कोपली. नायकावर सगळीकडून दाब आला आणि त्यानं सांगून टाकलं, की यापुढे तांड्यातली एकही मुलगी बाहेरच्या कॉलेजात जाणार नाही. पुढच्या वर्षी जायला निघालेल्या दोघी जणी तिथंच रडायला लागल्या. राखी मात्र रडली नाही. जास्तीचं पाणी कुणी घातलं ते शोधायचं आणि नायकाला सगळं समजावून सांगायचं, असं तिनं मनाशी ठरवलं. तो ऐकेल याची तिला खात्री होती.

घरी धनीबाईनं दार लोटून घेतलं.

"लोकाइचं सोड," ती हळूच म्हणाली. "पण मले बी आता तसंच वाटून राह्यलं. नलू अल्लड हाय म्हणून मी रोज दुपारी गुपचूप, दुरडीले हात न लावता, लोटा लोटा पाणी घालत होती. इतकं करून बी गहू पिवळा पडला. देवीच नाही म्हणते, बाई. तू नको जाऊ आता."

राखीच्या तोंडाशी शब्द आले. एक वाक्य बोललं असतं तरी सुटका होती. पण धाकटा भाऊ गेला तेव्हाची याडी तिला आठवली. ताप चढण्याआधी आपण त्याला भात भरवला, आपल्याच हाताला अवदसा लागली आहे, असं म्हणत ही बाई वर्षभर चुलीला शिवली नव्हती. ती नुकती कुठं माणसात आली होती. तिला आता काय सांगायचं? आणि तांड्याला कळलं तर लोक तिला जगू देतील?

"हो याडी," राखी म्हणाली.

रविवारी विमलताई स्वतः तांड्यात आल्या. राखी कोर्सात पहिली आली होती. त्यांनी नायकाला समजावलं, भावसिंगला समजावलं. कुणी वर बघेना, तेव्हा त्या राखीकडे वळल्या. तू एकदा माझ्यासमोर हो म्हण, पुढचं मी बघते, असं म्हणाल्या. सगळा तांडा ऐकत उभा होता.

"मलेच नाही शिकाचं, मॅडम."

विमलताईंनी पिशवी खांद्याला लावली. मग, आधीच सांगितलं असतं तर दुसऱ्या कुण्या मुलीला जागा दिली असती, एवढं बोलून त्या गेल्या. तांड्यातली माणसंही पांगली. धनीबाई जवळ आली आणि लेक शहाणी निघाली म्हणून तिनं राखीच्या पाठीवरून हात फिरवला.