स्टिकरचं पाणी

तेजलनं पंप तिथं का धुतला, असं कुणी विचारलं असतं तर तिनं जवळ पडतं म्हणून सांगितलं असतं. ते खोटं होतं. औषधाचा पंप बोअरपाशी खड्ड्यावरच धुवायचा, हे आईनं तिला शंभरदा बजावलं होतं. पण त्या दिवशी तिचं डोकं फिरलेलं.

राग आदल्या दिवसाचा. तिचा चुलतभाऊ बुद्धभूषण नाशकात एमएस्सी करत होता, आणि गोदेच्या बॅकवॉटरला पाण्यावर पळणारे आठपायी कोळी शोधत फिरायचा. चिखल तुडवून तुडवून दमला, एक मादी सापडेना. शेवटी तेजलनं बोट दाखवलं. पाणकणसाच्या बुडाशी तपकिरी कोळीण बसलेली, पुढचे पाय पाण्यावर टेकवलेले, तोंडात अंड्यांची गोटी. नववीतून शाळा सोडलेली पोरगी, पण नजर घारीची. मग कांद्याच्या वावरातून येता-जाता तिला तोच नाद लागला. पाणी जरा थरथरलं की कोळीण त्याच्यावरून धावायची. बगळ्याची सावली पडली की देठ धरून सरळ पाण्याखाली, अंगाला चांदीसारखी हवा चिकटलेली. पुढं तिनं दोन पातींच्या मध्ये जाळं विणलं, गोटी त्यात टांगली आणि स्वतः खाली पहाऱ्याला बसली.

हे सगळं कॉलेजातल्या स्नेहलला दाखवताना भूषणदादा म्हणाला काय, तर "ही आमची तेजल. शाळा सोडली, कांद्यावर असते."

बास. कोळीण शोधली कुणी, ते नाय.

म्हणून दुसऱ्या दिवशी फवारणी उरकल्यावर तिनं पंप पाण्याच्या त्याच कोपऱ्यात, कोळिणीपाशी उपडा केला, वर दोनदा खळखळून धुतला. पांढरा फेस पाणकणसात शिरला. घे म्हणावं तुझं कॉलेज.

सकाळी ती गेली तर कोपरा मेल्यासारखा. पाण्यावर सुरसुर पळणारे किडे गायब. कोळीण देठावर होती, सुस्त. तिनं पाण्यावर पाय ठेवला, आणि पाय आत गेला. मग दुसरा. फडकं बुडावं तशी बुडली. तेजलनं तिला पानावर काढलं, फुंकर मारली, उन्हात धरलं. पाय आवळून घेतलेले ते सुटलेच नाहीत.

तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कांद्याची पात मेणचट, नुसतं औषध मारलं तर थेंब गोळी होऊन घरंगळतो. म्हणून त्यात स्टिकर घालायचं, मग थेंब पसरतो. इथं पाण्याच्या अंगावर जी ताणलेली साय होती, जिच्यावर ही पळायची, ती स्टिकरनं फाटली होती.

वर जाळ्यात गोटी फुटून पिल्लं बाहेर आली होती. मोहरीएवढी, वळवळत. आज ना उद्या खाली उतरणार, ह्याच पाण्यात.

तिनं विळ्यानं दोन्ही पाती खालून कापल्या, जाळं ताणू न देता हातात धरलं आणि काठानं चालत सुटली. एके ठिकाणी पाण्याला ओढ होती. पुढं म्हशी डुंबायच्या. त्याच्या पुढं सगळं उघडं, बगळ्यांना आयतं. लांबवर दाट पाणकणसात थांबलेलं पाणी दिसलं, वर किडे पळत होते. तिथं तिनं पाती रोवल्या, सुतळीनं देठाला बांधल्या.

भूषणदादा आला, कोपरा बघून मटकन बसला. शेजारच्या किशोरचा द्राक्षावर औषध मारायचा ब्लोअर कधीकधी इकडं धुतला जायचा. दादानं तिथंच त्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. किशोर शपथा घेत होता, मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, आणि दादा त्याला खोटारडा, नालायक म्हणत होता. तेजल चिखलातलं गवत उपटत राहिली.

मग तिनं त्याला पिल्लं दाखवली. दादाचा चेहराच बदलला. लगेच स्नेहलला फोन, "अगं, तेजलनं वाचवली. मादी पण तिनंच शोधली होती, मी सांगितलंच नाही तुला."

हेच ऐकायला ती जळत होती. आता ऐकलं तर फोन चालू असतानाच ती मधे बोलली.

"दादा, किशोरभाऊनं नाय धुतला."

"तू कशाला त्याची बाजू घेते?"

"पंप मी धुतला. मुद्दाम."

दादानं फोन ठेवला. त्यानं ओरडावं म्हणून ती तयारच होती, उलटं बोलायला शब्दही जुळवून ठेवले होते. तो ओरडला नाही.

"मला सांगून काय उपयोग," तो हळूच म्हणाला. "किशोरला त्याच्या बायकोसमोर बोललो मी. तिथं जाऊन सांग."

ती उठली. तेवढ्यात एक पिल्लू देठावरून खाली आलं. त्यानं पाण्यावर पाय टेकवला, उचलला, परत टेकवला. पाणी किंचित दबलं आणि त्यानं पिल्लाला धरलं. दादा वाकून बघायला लागला. तेजलला तिथं थांबून बघायचं तोंड नव्हतं. ती बांधावरून किशोरच्या घराकडं निघाली.