पहिलवानाची कात आणि पोटातले तीन दात

मी कात बोलतेय. सापाची नव्हे, सापाच्या कातेचं कौतुक आजवर पुष्कळ झालंय. मी खेकड्याची कात आहे आणि या क्षणी मला डाव्या पायापासून खाल्लं जातंय. तेव्हा थोडक्यात सांगते.

माझा मुक्काम दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत. माझा धनी खेकडा. दात काढायला घाबरत आलेल्या माणसांना तो नांग्या उगारून दाखवायचा, म्हणून दवाखान्यात कामाला असलेल्या मावशींनी त्याचं नाव पहिलवान ठेवलं. त्या त्याला रोज एक उकडलेला वाटाणा द्यायच्या आणि तो खाऊन संपेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

मला घडवलं पहिलवानाच्या कातडीनं. साखरेचे कण एकाला एक जोडून लांबच लांब धागा काढायचा, त्याला कायटिन म्हणतात. या धाग्यांचे थरावर थर रचायचे, मधे प्रथिनं भरायची, वरून पाण्यातला चुना मुरवायचा, की झाले मी तयार. साखरेची असूनही मी गोड नाही, हे माझ्या बोलण्यावरून कळलंच असेल.

माझ्यात खोट एकच, मी वाढत नाही. पहिलवान वाटाणे खाऊन फुगायचा आणि मी त्याला आवळायची. तरी वाटेल तेव्हा मला टाकायची त्याला मुभा नव्हती. त्याच्या डोळ्यांच्या देठांतून रोज निरोप सुटायचा, ‘अजून नको.’ इतक्या नेमानं ‘अजून नको’ म्हणणारे मी दुसरे फक्त बाकावरचे पेशंट पाहिलेत.

मग एके दिवशी तो निरोप थांबला. दुसऱ्या एका ग्रंथीनं ‘चला’ म्हटलं, आणि माझ्याखाली गुपचूप नवी कात विणायला सुरुवात झाली. मऊ, चुण्या घातलेली. वर एका रसानं माझंच अस्तर विरघळवून त्यातलं सूत परत नेलं. ज्याला एवढे दिवस पाठीशी घातलं, त्यानं माझ्याच आड हे उद्योग करावेत? हो, मला राग आला.

एका सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, त्यानं पाणी पिऊन अंग फुगवलं, मी मागच्या शिवणीवर उसवले आणि तो उलट्या पावली बाहेर पडला. नांग्या, पाय, डोळ्यांवरची काच, सगळं मागे ठेवलं; म्हणून तर मला दिसतंय. पोटातले दातही टाकून गेला. खेकड्याला पोटात दात असतात, चांगले तीन. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात; आमच्यात दाखवायची सोयच नाही. लोण्यासारखा मऊ झालेला पहिलवान टाकीतल्या पालथ्या कुंडीखाली जाऊन लपला.

मावशी आल्या, मला तळाशी उताणी पाहिलं आणि पहिलवानच मेला असं समजल्या. कालचा वाटाणा कच्चा राहिला असेल, मीच मारलं त्याला, म्हणून रडायला लागल्या. आपल्यासाठी कुणी रडतंय याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी मला ट्रेमध्ये कापसावर निजवलं. मग ही टाकी आता डोळ्यांसमोर नको, उकळतं पाणी ओतून धुते आणि भाचीला देऊन टाकते, असं म्हणत त्यांनी शेगडीवर पातेलं चढवलं.

माझा राग तिथंच गळाला. कुंडीखालच्या त्या मऊ गोळ्याला धड पळताही येत नव्हतं. मी ओरडले असते, पण ओरडायला जे काही लागतं ते सगळं कुंडीखाली होतं.

बाकावर एक म्हातारे शिंपी बसले होते, सैल झालेली कवळी खिशात घेऊन. चार शब्द सांत्वनाचे बोलावेत म्हणून ते ट्रेवर वाकले, चष्मा सारखा केला आणि बोटानं माझी मागची कड उचलली. हाताची सवय, दुसरं काय.

“मावशी, हे फाटलेलं नाही, शिवणीवर उसवलंय,” ते बोळक्या तोंडानं म्हणाले. “हा नुसता कोट आहे. गिऱ्हाईक कुठंय?”

ते ऐकून डॉक्टरीणबाई खुर्चीतल्या पेशंटला आ वासलेला तसाच सोडून आल्या. छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन त्यांनी माझ्या आत पाहिलं. आत कुणी नव्हतं, पण तीन दात होते. एकही किडलेला नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. तोवर मावशींनी शेगडी बंद करून कुंडी हलकेच उचलली होती. खाली पहिलवान, फिकट, आणि आधीपेक्षा मोठा. मावशी पुन्हा रडल्या.

माझ्यावरून मात्र वाद झाला. बाईंना मी काचेच्या पेटीत हवी होते, दातांसकट, टेबलावर, त्यांच्या नावाच्या पाटीशेजारी. मलाही मोह झाला.

“बाई, हाडांना दातांना कॅल्शियम लागतं म्हणून रोज पेशंटला सांगता ना,” मावशी म्हणाल्या. “मग त्याचं त्याला खाऊ दे.”

बाईंनी ट्रे मावशींकडे सरकवला. त्या खुर्चीकडे वळल्या. पेशंटनं अजून तोंड मिटलं नव्हतं.

मी टाकीत परतले. दोन दिवस पहिलवानाजवळ चणे होते तर दात नव्हते. नवे दात अजून मऊच होते. आज ते घट्ट झाले आणि त्यानं मला खायला घेतलं. दुखत नाही, गुदगुल्या होतात. माझा चुना आता त्याच्या नव्या पाठीत मुरेल, म्हणजे मी पुन्हा जुन्याच जागी कामावर रुजू. एवढ्यासाठी मी त्याला माफ केलंय.

जाता जाता एक विनंती. कुणाला असं उताणं पडलेलं पाहिलंत, तर पाणी तापत ठेवण्याआधी मागची शिवण बघा.

बाई मघापासून टाकीसमोर स्टूल घेऊन बसल्यात, निदान दात तरी तो शिल्लक ठेवील या आशेवर. बाई, पेशंटना आत बोलवा. तो दातही खाणार आहे.