गळा कंपनीच्या पदरात

सुजयने चूक केली, ती अस्सल कोकणी. तो ‘कातळ’ बँडचा गायक; बँडच्या पहिल्या अल्बमात त्याने बापाचं, रावजींचं, गाऱ्हाणं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून टाकलं. रावजी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे, गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचे. ते देवासमोर उभं राहून घालायचं, मशीनसमोर नव्हे. पण मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीला ते गोड लागलं. अल्बम गाजला, आणि रावजी गेले.

आता कंपनीचा माणूस, स्वरूप, देवरूखला आला होता. भर दुपारी, आंब्याच्या रिकाम्या शेडमध्ये. बँडची तालीम तिथेच चाले. त्याला सुजयचा आवाजच हवा होता, कायमचा. पुढची गाणी मशीन त्या आवाजात गाणार.

“नाय देणार,” सुजय म्हणाला. “गाणी घ्या. गळा माझा हाय.”

“अरे, घसा कशाला खरवडतोस? घरी बसून आंबे खा.”

“तुमच्या बापाचा विका की,” ड्रमवरून दर्शना म्हणाली.

स्वरूप हसला. या लोकांना राग येत नाही. राग येण्याइतकं माणूसपण ते ऑफिसातच ठेवून येतात. “आधी नमुना तर ऐका,” म्हणत त्याने स्पीकर लावला.

रावजी बोलू लागले. तोच खाकरा, ‘महाराजा’वरची तीच ओढ. शब्द मात्र त्यांनी जन्मात उच्चारले नव्हते; ते मशीनचे होते.

“बा देवा महाराजा, ह्या माझ्या लेकाचा गळा कंपनीच्या पदरात घाल रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

गाऱ्हाण्याला होकार द्यायचाच असतो; होकार पडला की मागणं देवापाशी पोचतं. लहानपणापासून तोंडाला लागलेलं वळण. गिटारवाला अनिल बोलून गेला. दर्शनाही बोलली आणि दचकून तिने तोंडावर हात दाबला. चहा घेऊन आलेल्या सुजयच्या आईने, कमळाने, किटली खाली ठेवली, डोक्यावर पदर ओढला आणि स्पीकरपुढे हात जोडले.

“व्हय महाराजा.”

“आये, ते बाबा नायत!”

“गप ऱ्हा. गाऱ्हाणं चाललंय.”

सुजयच्या घशातून गार काहीतरी सरकत गेलं. तो जीव खाऊन ओरडला. तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताठल्या, पण आवाज उमटला तो स्पीकरमधून. सुरात, घोटून बसवल्यासारखा. “नाय...”

कमळाने पोराकडे पाहिलंच नाही. स्पीकरलाच दटावलं, “सुजय, असं बोलू नये देवापुढं.”

स्वरूपने डोळे मिटून मान डोलावली.

“भारी. हे ठेवू.”