अनारकुलच्या मनगटातली कासंडी

मी कासंडी बोलतेय. पितळेची नव्हे, चामड्याची. उंटाच्या मानेचं कातडं धुरावर धरून या घरची म्हातारी तुर्सुनबूबू, तिच्या सासऱ्यांनी मला शिवलं, त्याला चाळीस उन्हाळे झाले. दर उन्हाळ्यात हे घर नारिन नदीच्या वरच्या डोंगरकुरणावर तंबू ठोकतं आणि माझं काम सुरू होतं, घोडीची धार झेलायचं.

घोडी काही गाईसारखी गरीब नसते. दर दोन तासांनी तिच्याकडे जायचं, आधी शिंगराला तोंड लावू द्यायचं, पान्हा सुटला की त्याला ओढून बाजूला करायचं. मग एक गुडघा टेकून मला मांडीवर घ्यायचं आणि माझा पट्टा मनगटात अडकवायचा. माणसं मला नुसतं भांडं समजतात, पण मनगटात अडकलेल्या वस्तूला हाताची सगळी खबर असते.

तुर्सुनबूबूचा मुलगा मेदेर दहा वर्षांचा असताना त्याचा उजवा खांदा उडू लागला. डोळे मिचमिचायचे, खांदा वर जायचा. दरवेळी तोच खांदा, तसाच झटका. पण धार काढताना तो अगदी शांत असे. मला खाली ठेवलं की आवरून धरलेले सगळे झटके एकदम मोकळे करी. मिसरूड फुटेपर्यंत ते आपसूक गेलं. तुर्सुनबूबूने मात्र श्रेय घोडीला दिलं आणि कुरणभर सांगत सुटली.

तिची नात अनारकुल बारा वर्षांची. आई मॉस्कोत कामाला, म्हणून पोर आजीकडे. परवाच्या उन्हाळ्यात तिच्या हातून वाट्या पडू लागल्या. तोंड वेडंवाकडं व्हायचं.

"मामावर गेलीय," तुर्सुनबूबू म्हणाली. "याला कोणी बरं केलं? घोडीने. हिलाही करील."

"आई, माझं असं नव्हतं गं," मेदेर चाचरत म्हणाला.

"तुला काय आठवतंय? नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हा."

मेदेर गप्प बसला. मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे.

पट्टा अनारकुलच्या मनगटात अडकला आणि पहिल्याच दिवशी मला कळलं, हा हात मेदेरचा नव्हे. बोटं आवळायची, मधेच सैल पडायची, पुन्हा आवळायची. कधी मनगट वळे, कधी खांदा, कधी जीभ. एकदा झालेलं पुन्हा तसंच होत नसे. कामात तर ते वाढायचं. घोडी बिथरायची, दूध सांडायचं, आणि आजी पाठीत धपाटा घालायची. दिवसातून सहा धारा. पोरीला धाप लागे, तेव्हा ती घोडीच्या पोटाला कपाळ टेकून थांबायची. ती छाती कशी धडधडते, ते मला मांडीवरून ऐकू यायचं. सांगणार कुणाला?

सात आठवड्यांनी लस टोचायला दवाखान्याच्या झामिराबाई घोड्यावरून आल्या. चहा घेताना त्यांनी अनारकुलच्या हातातली वाटी हिंदकळताना पाहिली आणि स्वतःची वाटी खाली ठेवली.

"माझी ही दोन बोटं घट्ट धर बाळा. सोडायची नाहीत." पोरीने जिवाच्या आकांताने धरली, तरी पकड सुटत होती, बसत होती. "मेदेर, तुझा खांदा उडायचा, ते आधी कळायचं का रे?"

"कळायचं. आत खाज उठल्यासारखं. थोडा वेळ दाबूनही धरता यायचं."

"आणि तुला गं?"

"मला नाही कळत," अनारकुल म्हणाली. "होऊन गेल्यावर कळतं."

"आजी, थंडी सरताना हिचा घसा धरला होता?"

"धरला होता. मेंढीची चरबी चोळली, उतरला."

"गुडघे?"

"सुजले होते जरासे. वाढीचं वय आहे."

झामिराबाईंनी पोरीच्या छातीला नळी लावली. बराच वेळ ती काढली नाही. "हे मामाचं नव्हे, आजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या घशाच्या दुखण्याने हिचा मेंदू धरलाय, आणि काळीजही. मेंदूचं कदाचित निवळेल. हिला अंथरुणातून उठू द्यायचं नव्हतं हो."

पोरीला त्याच दिवशी खाली नेलं. तंबू उतरायच्या आत ती शहराच्या दवाखान्यात वारली. शेवटच्या आठवड्यात तिचे हात स्थिर झाले होते म्हणे. मला त्याचं समाधान वाटत नाही.

नंतर तुर्सुनबूबू मला चुलीत घालायला निघाली. मेदेरने मला हिसकावून घेतलं. "आई, हिचा काय दोष?"

"हिचा नाही, माझाच आहे," ती म्हणाली. "पण मला कोण जाळणार?"

आता मी खुंटीला आहे. कातडं तडकलंय, माझ्यात कोणी धार धरत नाही. एवढंच सांगायचं राहिलंय. लेकराच्या हातून काही पडलं, तर आधी तो हात आपल्या हातात घ्या आणि थोडा वेळ धरून ठेवा. मी सात आठवडे धरला होता, पण मला तोंड नव्हतं.