काकवीच्या रंगाचा खडा

काळा नव्हता तो. चिमट्याच्या टोकाला धरून दिलदारनं खडा खिडकीपाशी नेला, डोळ्यावरचं भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं, आणि दोष भिंगाचा नाही असं ठरल्यावर खडाच लुंगीला पुसला – तरी काळा नव्हताच. काकवीच्या रंगाचा होता, काहिलीत उसाचा रस आटत आला की दिसतो तसा, आणि आत, खोल, हिरवं काहीतरी हललं... मग तांबडं. खडा जरासा कलला आणि दोन्ही गेली. पुन्हा कलवला. आली. हे त्यानं सकाळपासून किती वेळा केलं असेल ते सांगायला तो तयार नव्हता, कारण विचारणारं कोणी नव्हतं.

अंजनाबाई दुपारी येणार होत्या, आणि त्यांना काळाच हवा होता. पन्हाळ्याच्या बाजूला दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेला त्यांचा, निवृत्त झाल्यावर दुकानात आल्या, बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “दिलदारभाई, उभा जन्म पांढरं नेसले. आता भातसुद्धा डाळ कालवल्याबिगर बघवत न्हाय. मला चांदीत एक काळा खडा करून द्या, आत रंग खेळणारा. लेकीला न्हाय, सुनंला न्हाय. मला.” आणि ज्यानं आयुष्यभर जोडवी आणि पैंजण यांपलीकडं काही केलं नव्हतं, त्या दिलदारनं “करतो की!” असं इतक्या जोरात म्हटलं होतं, की समोरचा चहावाला दोन कप घेऊन आला होता.

सांगून बसणं सोपं होतं. जन्मजात काळा ओपल, म्हणजे असला रंग खेळणारा खडा, बाईंच्या खिशाला झेपला नसता, दिलदारला तर स्वप्नातही नाही. मग जयपूरच्या फिरत्या व्यापाऱ्याकडून हा पांढुरका घेतला, आणि पुण्याहून फरहाननं, म्हणजे मुलानं, फोनवर तोड सांगितली – अब्बा, असला खडा पाणी पितो. साखरेच्या पाण्यात मुरवा, मग तेजाबात टाका. मुरलेली साखर जळून कोळसा होते, खडा काळा पडतो, आतले रंग उठतात. सगळी दुनिया करते.

तेजाब होतंच, चांदी उजळायला लागतं. साखर नव्हती. साखर दिलदारच्या रक्तात होती, डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं, आणि म्हणून मेहमुदानं, त्याच्या बायकोनं, ती घरातून हद्दपार केली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदार आण्णांनाही तंबी होती.

“मला न्हवं, खड्याला पायजे.”

“मागल्या टायमाला मुंग्यांना पायजे म्हणला हुता,” आण्णा म्हणाले. “वहिनींचा हुकूम हाय. मीठ देऊ?”

राहिला गूळ. कोल्हापुरात गुळाला कुणी साखर मानत नाही, पाहुणचार मानतात. तो घरात होता, डब्यात होता, आणि त्याच्यावर बंदी घालण्याची मेहमुदाचीही छाती झाली नव्हती. दिलदारनं ढेपेचा कोपरा फोडला, खडा त्या पाण्यात मुरत घातला, आणि रोज बोट बुडवून पाणी बघितलं – खड्यासाठी, चवीसाठी नाही – आणि रोज बोट चाटलं, कारण वाया घालवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मग तेजाबात टाकला, आणि गुळानं हे केलं. अर्धवट जळला. कोळसा झाला नाही, काकवी झाली...

मेहमुदा बिनसाखरेचा चहा घेऊन आली.

“ह्यो काळा हाय व्हय?”

“न्हाय. गुळाचा हाय.”

“मग डब्यातली ढेप कोण कुरतडतंय ते कळलं. मी उंदराला पिंजरा लावला कालच.” आणि मग ती खड्याकडं बघत राहिली, कप तिच्याच हातात, चहावर साय धरेपर्यंत. “बाईंना सांगा, जळला म्हणून.”

“जळायलाच पायजे हुता. जळला न्हाय, ही तर भानगड.”

ती हसत गेली. त्यानं खडा लॉकेटच्या कोंदणात बसवला, चांदीची पातळ कड चहूकडून दाबत आणली, हलकेच, आईनं दुपट्याची टोकं आत सारावीत तशी – आणि त्याच्या लक्षात आलं की तीच कड आपण तिसऱ्यांदा दाबतोय. वय? नव्हे. उभ्या जन्मात त्याची चांदी तराजूत गेली होती. गिऱ्हाईक काट्याकडं बघतं, पैंजणाकडं कोण बघतं? आज पहिल्यांदा कुणीतरी वस्तूकडं बघणार होतं, आणि आजच रंग चुकला होता. बाई नको म्हणाल्या तर... तर मग माझ्या हाताला नको म्हणाल्या, चांदीला नव्हे.

“सलाम, दिलदारभाई.” अंजनाबाई आल्या.

“जयभीम, बाई.” आणि पाणीसुद्धा न विचारता त्यानं सगळं ओकून टाकलं. “काळा झाला न्हाय. पांढरा हुता, गुळात मुरवला, तेजाबात घातला. चपलेचं कातडं कमावत्यात तसा रंग कमावलाय.”

“आन् आत हलतंय ते?”

“ते त्याचं त्याचं हाय. भवतीचा अंधार तेवढा माझा.”

बाई लॉकेट घेऊन दारात उन्हाला गेल्या. इंजेक्शनातला हवेचा बुडबुडा बघावा तसं एक डोळा मिटून वर धरलं, बोटांत फिरवलं, आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

दिलदार बाकड्यावर बसून राहिला. नको म्हणतील. म्हणू देत की... मग हा इथंच राहील, खिडकीत लटकेल, रोज उठून बघता येईल – आणि या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की तो दचकला. न्हाय म्हणा, बाई. पण न्हाय कसं म्हणतील? एवढं हिरवं, एवढं तांबडं, आणि न्हाय? डोळे हायत का काय! हो म्हणाल्या तर जाईल, पन्हाळ्याचा घाट चढून, बाईंच्या गळ्यात, आपण न बघता... आजवर दुकानातून गेलेली वस्तू मनातूनही जायची, उंबऱ्यापाशीच. ही जाणार नव्हती. ही पन्हाळ्यावर गेली तरी माझीच राहणार होती. आता तर बाईंचं उत्तर त्याला नेमकं कुठलं हवंय ते कळेनासं झालं. आणि न कळण्यात इतकी मजा असते हे या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

“दिलदारभाई –” बाईंनी मान वळवली.

“घाई न्हाय, बाई,” तो उठत म्हणाला. “बघा की अजून.” आणि गिऱ्हाइकाशेजारी जाऊन, गिऱ्हाईक असल्यासारखा, तोही मान तिरकी करून बघायला लागला. आपण हसतोय, हे गाल दुखायला लागल्यावर त्याला कळलं.