आर्ची सभ्य बोलला

मोरीनने बापाच्या हनुवटीवरचा साबण पुसला, रेझर धुतला आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

"म्हण, 'गुड मॉर्निंग, मिसेस पेनफोल्ड.'"

"गुड मॉर्निंग, भवाने."

"बाबा!"

"तुला म्हटलं गं, तिला कुठं?" आर्ची हसला. पॅरालिसिसनंतर त्याच्या ओठाची डावी बाजू उतरली होती, त्यामुळे हसू उजवीकडूनच वर चढलं.

मोरीनला हसू आलं नाही. पावणेअकरा झाले होते. अकराला वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक पेनफोल्डबाईंच्या ऑफिसात बोलावणं होतं. दोन लेखी ताकिदी झाल्या होत्या. तिसरी मिळाली की महिनाअखेरीला आर्चीने वृद्धाश्रमातली ही खोली सोडायची. आणि सोडून जायचं कुठं? मोरीनचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना असा अरुंद की त्यावर व्हीलचेअर वळत नाही. तिने आसपासच्या नऊ वृद्धाश्रमांना फोन केले होते. सगळे आधीच्या ठिकाणचा शेरा मागवत, त्यात 'शिवीगाळ' वाचत आणि जागा नाही म्हणून कळवत. ग्लासगोला परत न्यावं, तर तिथल्या गोव्हन वस्तीत आता त्याचं कुणी उरलं नव्हतं.

गुन्हा काय, तर रोज सकाळी लापशी घेऊन येणाऱ्या डॉमिनिकला आर्ची म्हणायचा, "आलास का रे रांडेच्या?" चाळीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे जोडलेला माणूस तो. तिथं अशी हाक म्हणजे पाठीवरची थाप. ज्याच्याशी वाकडं, त्याच्याशी मात्र बोलणं एकदम अदबीचं. भाडं वसूल करणारा, पोलीस, आणि मोरीनचा सख्खा मामा. मामाशी आर्ची एकोणीस वर्षं 'आपण कसे आहात' याच्यापुढे एक अक्षर बोलला नाही. डॉमिनिकला हे सगळं दोन दिवसांत उमगलं होतं. तोही एक सणसणीत शिवी हासडून वाडगा ठेवायचा. तक्रार केली ती शेजारच्या खोलीतल्या आजींच्या लेकीने. इकडे दक्षिणेत आर्चीचं ग्लासगोच्या धाटणीचं इंग्रजी कुणाला निम्मंसुद्धा समजत नसे, शिव्या मात्र बरोब्बर समजत!

"पेनफोल्डबाईशी मी नीटच बोलतो," आर्ची म्हणाला. "ती मला आवडतच नाही."

"मग आज सगळ्यांशी तसंच बोल. माझ्याशीसुद्धा."

"तुझ्याशी?"

"हो, माझ्याशीसुद्धा! तिच्यासमोर मला भवानी म्हणालास की संपलं सगळं. बाबा, मी थकले रे. दुसरी जागा नाही, रजा उरली नाही, काही सुचत नाही. हात जोडते तुझ्यापुढे."

तिने खरोखरच हात जोडले. आर्चीने त्या हातांकडे पाहिलं. मग एका हाताने धडपडत त्याने शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं.

ऑफिसात पेनफोल्डबाई फाइल उघडून बसल्या होत्या. डॉमिनिक दाराशी उभा होता.

"कसे आहात, मिस्टर गॅलब्रेथ?"

"उत्तम. आपण कशा आहात?"

"मी छान. या डॉमिनिकबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

"डॉमिनिक फार सज्जन गृहस्थ आहेत," आर्ची एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाला. "माझ्या बोलण्याचा त्यांना त्रास झाला असेल, तर मी क्षमा मागतो."

डॉमिनिकचा चेहरा पडला. पेनफोल्डबाईंचा मात्र खुलला. "बघा, मनात आणलं की किती गोड बोलता येतं!" त्यांनी फाइल मिटली. "राहा तुम्ही इथेच."

मोरीन त्याच्या खुर्चीशेजारी खाली बसली. "सुटलो, बाबा! राहिली खोली."

"आभारी आहे," आर्ची म्हणाला. "आपण बरीच तसदी घेतलीत."

पेनफोल्डबाईंना ते फारच आवडलं. मोरीन हसली, खुर्ची ढकलत त्याला खोलीत घेऊन आली आणि तिने दार लावून घेतलं.

"झालं एकदाचं. आता बोल."

"इथवर सोडलंत, फार उपकार झाले."

"पुरे रे. दार बंद आहे. कुणी ऐकत नाहीये."

आर्चीने चांगल्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता.

"बाबा, मी फक्त तेवढ्यापुरतं म्हटलं होतं."

"आपलं म्हणणं समजलं मला."

"ए म्हाताऱ्या," ती म्हणाली. मग म्हणाली, "ए भाड्या." तो तसाच बसून राहिला. तिने आणखी एक शिवी दिली, मग त्याहून वाईट. गोव्हनच्या गल्लीत ऐकलेल्या, आईने तोंडात येऊ दिल्या नव्हत्या अशा सगळ्या शिव्या ती देत सुटली. आवाज चढत गेला, मध्येच रडू फुटलं, तरी ती थांबेना. तिने त्याचे खांदे धरून हलवले. "एक तरी दे ना रे परत! एक!"

दार उघडलं. पेनफोल्डबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, तोंडावर हात ठेवून.

आर्चीने त्यांच्याकडे पाहून अदबीने मान लववली.

"या बाई लांबून आल्यात," तो म्हणाला. "दमल्यात. त्यांना जरा चहा मिळेल का?"