ग्राफिक्स कार्डातल्या अक्षता

माझे दाजी अनंतराव आणि मी, दोघेही भौतिकशास्त्राचे एम.एस्सी. ते लातुरात कोचिंग क्लास चालवतात, मी नांदेडला महाविद्यालयात शिकवतो. नव्या बॅचचा मुहूर्त काढण्यासाठी त्यांनी ज्योतिषी बोलावला आणि मी त्यावर वर्तमानपत्रात पत्र लिहिले, तेव्हापासून आमच्यातले संभाषण माझ्या बहिणीमार्फत, लताताईमार्फत होत असे. त्यामुळे २००७ च्या जूनमध्ये भाचीचा फोन आला, तेव्हा तिची अडचण साधी नसणार एवढे मला कळले.

इराने आर्किटेक्चरच्या प्रवेशाचा अर्ज भरला होता. त्यावर सही करायला दाजी तयारही झाले होते. मात्र बारावीची परीक्षा झाल्यावर क्लासचा संगणक घरी आणला गेला होता आणि त्यावर ती शहर वसवण्याचा एक खेळ खेळत असे. पंधरा दिवसांपासून त्या शहराची चित्रे फाटू लागली. दाजींनी ते पाहिले. प्रश्नपत्रिकांच्या आकृत्या काढायचे मशीन पोरीने खेळून बिघडवले, असा निष्कर्ष काढून त्यांनी सही नाकारली. जिला मशीन सांभाळता येत नाही तिने इमारती बांधू नयेत. मेडिकलसाठी रिपीटर बॅचला बसावे. अर्जाची शेवटची तारीख सोमवार होती.

“मामा, तुम्ही फक्त धूळ झाली म्हणून सांगा,” इरा म्हणाली. “धुळीचा कोणाला राग येत नाही.”

मी आधी पाहतो, असे म्हणालो.

रविवारी सकाळच्या एसटीने पोचलो. दाजींनी माझ्याकडे न पाहता ताईला सांगितले की नांदेडचे शास्त्रज्ञ आले आहेत, त्यांना चहा द्या. संगणक परत न्यायला क्लासचा शिपाई व्यंकटी आला होता. दुपारच्या चाचणी परीक्षेसाठी आलेले दोन शिक्षकही बैठकीत होते. मी सर्वांसमोर काम सुरू केले. याची गरज नव्हती. दुपारी, माणसे गेल्यावरही ते करता आले असते.

खेळ सुरू केल्यावर चौदाव्या मिनिटाला इमारतींच्या कोपऱ्यांतून काळे त्रिकोण निघाले. गच्च्या भिंतींपासून सुटून वर तरंगू लागल्या आणि एक संपूर्ण वसाहत तिरकी झाली. ताई आतून आली, तिने पडद्याकडे पाहिले आणि भिंतीवरचे बटण बंद केले. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दोन महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये झोपली होती; हलणारे घर तिला चित्रातही चालत नाही. इमारती हलत नसून त्यांचे कोपरे चुकीच्या जागी काढले जात आहेत, असे मी तिला समजावले. ती आत गेली.

ग्राफिक्स चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम काढून पुन्हा टाकला: पुन्हा चौदा मिनिटे. चित्रांची गुणवत्ता सर्वांत खाली आणली: एकवीस मिनिटे. कॅबिनेटचे एका बाजूचे झाकण काढून टेबलफॅन लावला: पन्नास मिनिटे काहीही झाले नाही. दोष खेळात नव्हता, उष्णतेत होता. मशीन बंद करून मी पडद्यावरची चित्रे काढणारे ग्राफिक्स कार्ड बाहेर काढले. त्याचा पंखा बोटानेही फिरेना. पात्यांच्या मुळाशी तांदळाचे तीन दाणे रुतले होते. त्यांवर कुंकू होते.

इरा माझ्याकडे पाहत होती. तिने मान अगदी थोडी, नकारार्थी हलवली. ते मला दिसले. तरीही चिमट्याने ते दाणे काढून मी पांढऱ्या कागदावर ठेवले आणि कागद दाजींपुढे सरकवला.

भिंतीवर क्लासचे कॅलेंडर होते. त्यावर दसऱ्याच्या पूजेचा फोटो होता: संगणकाला हार, आणि त्याच्या वरच्या जाळीवर अक्षता टाकणारे दाजी.

दाजींनी फोटोकडे पाहिले नाही. ते शांतपणे म्हणाले, “उभ्या कॅबिनेटात कार्डाचा पंखा खाली तोंड करून असतो. वरून पडलेला दाणा त्यात कसा जाईल, श्रीनाथराव?”

हरकत योग्य होती आणि उत्तर माझ्याकडे तयार होते. दाणे कार्डाच्या पाठीवर सात महिने पडून राहिले. मशीन आडवे केल्यावर घरंगळले. मेमध्ये ते कसे आणले, असे मी व्यंकटीला विचारले.

“मांडीवर आडवंच धरलं होतं की सर, ऑटोत. अंबाजोगाई रोडला लई खड्डे.”

एक शिक्षक हसला आणि लगेच थांबला.

“म्हणजे मशीन पोरीनं बिघडवलं न्हाई,” मी म्हणालो. “एम.एस्सी. फिजिक्सनं बिघडवलं.”

दाजी उठले. अर्जाची घडी करून त्यांनी खिशात घातली, रिपीटर बॅच एक तारखेला सुरू होते असे ताईला सांगितले आणि चाचणीला निघून गेले. शिक्षक त्यांच्यामागे गेले.

इराने कार्ड उचलले, पंख्याला फुंकर घातली. पाते फिरले.

“मी मागच्या सोमवारीच उघडून पाहिलं होतं,” ती म्हणाली. “दाणे मी पण काढू शकत होते. मी काढले असते तर ते म्हणाले असते, तूच आत हात घालून बिघडवलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही धूळ म्हणणार होता.”

“मी तसं म्हणालो नव्हतो.”

“न्हाई म्हणाला. तुम्हाला त्यांना हरवायचं होतं. आता जा आणि धूळ होती म्हणून सांगा.”

मी निरीक्षण मागे घेत नाही, असे तिला सांगितले. तिने माझी पिशवी आणून दारात ठेवली.

पिशवी तिथेच सोडून मी निघालो आणि क्लासच्या जिन्यात चाळीस मिनिटे उभा राहिलो. चाचणी संपल्यावर दाजींच्या केबिनमध्ये गेलो. तेच दोन शिक्षक आणि व्यंकटी तिथे होते. कार्डाच्या पंख्यात धूळ साचली होती आणि तांदूळ माझ्या डब्यातून पडला असावा, असे मी म्हणालो. डब्यात पोळी होती.

“लिहून द्या,” दाजी म्हणाले.

मी लिहिले. त्यांनी वाचून कागद परत केला. “सहीखाली पदवी टाका. तुमच्या पत्रात टाकली होती.”

मी ‘एम.एस्सी.’ लिहिले. मग त्यांनी खिशातून अर्ज काढला, घडी मोडून मुठीने सपाट केला आणि पालकाच्या जागी सही केली. अर्ज त्यांनी व्यंकटीच्या हाती दिला, माझ्या नव्हे.

“आता आमच्या घरी यायचं असलं तर लताला विचारून या,” ते म्हणाले. “मला विचारू नका.”

मी पिशवी घ्यायला घरी परतलो, तेव्हा अर्ज टेबलावर होता आणि इरा संगणकाशी बसली होती. तिने कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा चिकटवला होता आणि त्याच्या कडा कात्रीने सरळ करत होती. दसरा ऑक्टोबरात आहे, एवढेच ती म्हणाली.